सडा (कोकणातलं कातळाचं पठार) खणला तर खालच्या विहिरींचं काय होतं?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गावच्या सड्यावर चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी) पूर्वीपासून आहेत. आता बॉक्साइटसाठी मोजणी करून गेले. सडा पडीक आहे, भूजलाला धक्का लागणार नाही, खाण संपली की झाडं लावून देऊ, असं सांगतात. गावात दोन तट पडलेत. खालच्या वाडीतल्या विहिरी आटतील का? आंबा-काजूचं काय होईल? आणि आम्ही नेमकं काय करावं?"

विहिरी आटतील की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं. खाण किती खोल जाणार, सड्याच्या कुठल्या भागात होणार, आणि तुमच्या वाडीचे झरे सड्याच्या कुठल्या अंगाला फुटतात. हे तिन्ही न बघता "काही होणार नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तसाच "सगळा गाव ओस पडेल" म्हणणाऱ्यावरही ठेवू नका. मी भूजलाचं काम करतो, तेही रत्नागिरी-सिंधुदुर्गातच. गावांसाठी विहिरी मोजल्या आहेत आणि खाणवाल्यांसाठी अहवालही लिहिले आहेत. दोन्ही बाजूंनी काम करताना एक गोष्ट पक्की दिसली: कोकणात खाणीचं नुकसान बहुतेक पाण्यावाटे येतं, उशिरा येतं, आणि सड्यावरची जमीन ज्यांनी दिली त्यांच्यापेक्षा जे खाली राहतात त्यांच्या दारात येतं. म्हणून रोजगार, झाडं, देवस्थान यांवरून भांडायच्या आधी पाणी मोजायला लागा. पुढचं सगळं त्याच दिशेने वाचा.

"सड्यार काय आसा? नुसतो कातळ." हे वाक्य मी सरकारी कचेरीत ऐकलंय आणि गावकऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. सातबारावर तो पोटखराब म्हणून दिसतो, त्यामुळे कागदावर सडा म्हणजे काहीच नाही. जमिनीखाली मात्र वेगळं चित्र आहे. वर जांभा असतो, छिद्राछिद्रांचा, नळ्यानळ्यांचा. त्याच्या खाली पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर असतो, आणि त्याखाली बसाल्ट. जाळीदार घावन आणि खालचा तवा अशी ही जोडी आहे. पावसाचं पाणी जांभ्यातून भराभर उतरतं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि मग आडवं सरकत सड्याच्या कडेला येतं. कडेला जिथे ते बाहेर पडतं तिथे झरा असतो. कोकणातल्या जुन्या वाड्या बघा, त्या सड्याच्या पायथ्याशी नेमक्या त्या ओळीत वसलेल्या आहेत. वाडी, तिची बाव म्हणजे विहीर, पोफळीचं आगर आणि पुढे मळ्यातली भातशेती, हे सगळं त्या कडेच्या पाण्यावर उभं आहे.

किती पाणी, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. दक्षिण कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टर सड्यावर तो ३ कोटी लिटर होतो. केंद्राच्या भूजल अंदाजाच्या पद्धतीत जांभ्यासाठी पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणी मुरतं असं धरतात. म्हणजे एका हेक्टरमागे २१ लाख लिटर. माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं, जलजीवन मिशनचा तोच निकष आहे, तर हे पाणी शंभर माणसांना वर्षभर पुरेल इतकं होतं. आता यातली खोच अशी की ते वर्षभर थांबत नाही. दिवाळीपर्यंत बरंचसं झऱ्यांतून वाहून जातं, आणि मार्चनंतर जे उरतं त्यावर तुमच्या विहिरी एप्रिल-मे काढतात. त्या शेवटच्या उरलेल्या पाण्यालाच खाणीचा धक्का बसतो, कारण खाणीने आधी काढून नेलेला असतो तो पाणी धरून ठेवणारा खडक.

बॉक्साइट नेमकं कुठे असतं, हे लक्षात घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात, केळशी-उंबरशेतच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणी झाल्या. ते जांभ्याच्याच थरात, पृष्ठभागापासून काही मीटरवर, चिकणमातीच्या वर मिळतं. म्हणजे खाण पाणथराच्या शेजारी होत नाही, ती पाणथरच उचलून नेते. लोखंडाची खाण खोल जाते म्हणून लोक घाबरतात आणि बॉक्साइटची उथळ असते म्हणून निर्धास्त राहतात. पाण्याच्या हिशेबात हे बरोबर उलटंही असू शकतं.

तुम्हाला जो अहवाल दाखवतील त्यात एक वाक्य हमखास असेल: "खाणकाम भूजल पातळीच्या वर राहील." ते खोटं असेलच असं नाही. फक्त विचारा, कुठल्या महिन्यातली पातळी? मे महिन्यात सड्यावरच्या बोअरमध्ये पाणी बरंच खाली असतं, त्यामुळे खाणीचा तळ त्याच्या वर बसवता येतो. ऑगस्टमध्ये त्याच जागी पाणी जवळजवळ पायाशी आलेलं असतं. मे आणि ऑगस्टच्या मधला जो खडक आहे, तोच तुमच्या गावाचा साठा. त्या वाक्याने तो सगळा खडक खाणवाल्याच्या पदरात घातलेला असतो, आणि वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर राहतं.

याच्याशी जोडलेली गोष्ट अहवालाच्या मोसमाची. पर्यावरण आघात अहवालासाठी हवा-पाणी-जीवसृष्टीची मूळ स्थिती एका मोसमात मोजतात, आणि तो मोसम पावसाळा सोडून असतो. राजस्थानात याने फार बिघडत नसेल. कोकणात मात्र पावसाळा वगळणं म्हणजे सगळी गोष्टच वगळणं. व्हाळ, म्हणजे ओढे, तेव्हा वाहतात, गाळ तेव्हा येतो, सडा तेव्हा जिवंत असतो. जानेवारीत सड्यावर गेलेल्या वनस्पतितज्ज्ञाला वाळलेलं गवत दिसतं आणि तो "विरळ झुडपं" लिहून मोकळा होतो. जूननंतर त्याच कातळावर सीतेची आसवं, गेंद आणि कोकणाबाहेर कुठेच न मिळणारी दीपकाडी फुलते. झाडं लावून देऊ म्हणतात ते या जागेवर काय लावणार? बहुतेक ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावतात, ती लवकर हिरवी दिसते आणि फोटो चांगला येतो. कातळावरची ती बोटभर मातीची परत आणि तिच्यातली वनस्पती परत आणण्याची रीत मला तरी अजून कुणी करून दाखवलेली नाही.

कातळशिल्पांचंही तेच. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ आणि सिंधुदुर्गातली कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीबाहेरच्या सड्यांवरही चित्रं आहेत, आणि चिरा कापणाऱ्या यंत्राला ती दिसत नाहीत. तुमच्या सड्यावर गुराख्यांना माहीत असलेल्या काही खुणा असतील तर आत्ताच फोटो आणि जीपीएससह नोंदवून पुरातत्त्व खात्याला पत्र द्या.

आता लोखंडाकडे येतो, कारण तुमच्या गावातले लोक उदाहरण कळण्याचंच देणार. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याला २९ जुलै २०२१ रोजी खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटला. खड्ड्यात साठलेलं पाणी चिखल घेऊन खाली आलं, घरांत, बागांत, शेतांत घुसलं. त्या आठवड्यात कोकणभर पाऊस झोडपत होता, चिपळूण नुकतंच बुडालं होतं, त्यामुळे "निसर्गाचा कोप" म्हणणं सोपं होतं. पण डोंगराच्या उतारावर मोठा खड्डा असेल आणि त्याच्या खालच्या अंगाची भिंत सैल मातीची असेल, तर कोकणातला पाऊस ती भिंत कधी ना कधी तपासून बघणारच. १० हेक्टरच्या खड्ड्यात एका पावसाळ्यात आभाळातून सरळ पडणारं पाणीच ३० कोटी लिटर भरतं, आजूबाजूचा ओघ वेगळा. ते पाणी कुठे जाणार, याचं उत्तर खाण आराखड्यात आकड्यांत लिहिलेलं नसेल तर ती मंजुरी अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

लोहखनिजाची खाण पाण्याच्या पातळीखाली उतरली की आणखी एक गोष्ट सुरू होते. तळ कोरडा ठेवायला पंप लावतात. पंप जितका वेळ चालेल तितकी चहूबाजूंची पातळी खड्ड्याकडे झुकत जाते, आणि सगळ्यात उथळ विहिरी आधी तळ गाठतात. त्या सहसा गरिबाच्या असतात, कारण खोल बोअर मारायला पैसे लागतात. उपसलेलं पाणी व्हाळात सोडतात, म्हणून काही शेतकऱ्यांना उन्हाळ्यात व्हाळाला पाणी आलेलं बघून बरंही वाटतं. ते विहिरीतलंच पाणी असतं, फक्त लाल होऊन आलेलं.

लाल पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात. गोव्यातल्या अनुभवावरून एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्याचे ढीग पावसात झिजतात. उपाय म्हणून ढिगाच्या पायाशी भिंत, भोवती चर आणि शेवटी गाळ बसण्यासाठी तळं करतात. कागदावर व्यवस्था चांगली आहे, पण तिचा हिशेब करून बघा. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम ३० सेंटिमीटर खाली बसतो. दोन मीटर खोल तळ्यात तो तळाशी जायला सहा-सात दिवस हवेत. आपल्याकडे जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नाही. १० हेक्टर उघड्या मातीवर तो पडला तर २०,००० घनमीटर पाणी होतं, त्यातलं १५,००० तरी तळ्याकडे येईल असं धरू. असा पाऊस सलग पडत राहिला आणि रोजचं पाणी सहा दिवस थांबवायचं, तर ९०,००० घनमीटरची जागा हवी. दोन मीटर खोलीने साडेचार हेक्टरचं तळं! आजपर्यंत मला एवढं तळं कुठल्याही खाणीवर दिसलेलं नाही. जी असतात ती फार तर वाळू आणि जाड गाळ थोपवतात. बारीक लाल माती तशीच पुढे जाते. तुरटी किंवा तसलं रसायन घालून ती लवकर बसवता येते, पण मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना, ते काम चालू ठेवणारा माणूस तिथे असतो का, हेही विचारा.

ही माती मळ्यात पसरली की पहिल्या वर्षी फार काही दिसत नाही. पातळ थर भातखाचरात बसतो, वाळला की कडक पापडी धरतो. पुढच्या वर्षी नांगर वेगळा लागतो. खाचरात पाणी तुंबून हवा कोंडली की मातीतलं लोह विरघळतं, भाताची पानं टोकाकडून तांबूस-तपकिरी पडत जातात आणि मुळांवर लाल लेप बसतो. कृषी सहायकाला वाटतं रोग पडला, फवारणी सांगतो. गाळ आणखी खाली खाडीत गेला की तिसऱ्या, कालवं यांसारखी शिंपल्यांची, पाणी गाळून खाणारी जात आधी जाते, आणि तिसऱ्या काढून बाजारात बसणाऱ्या बायकांना कुठल्याच नुकसानभरपाईच्या यादीत जागा नसते. यादी सातबारावरून करतात, आणि खाडी कुणाच्या सातबारावर नाही.

धुळीचं प्रकरण तुलनेने साधं आहे. आंब्याला मोहोर थंडीत येतो आणि खनिजाची वाहतूकही कोरड्या दिवसांतच होते, म्हणजे दोन्ही एकाच वेळी. धूळ फुलांवर बसली की परागीभवन बिघडतं, पानांवर बसली की झाड थकतं. मात्र याचा मार रस्त्याच्या कडेच्या बागांना मोठा आणि आतल्या बागांना कमी बसतो. म्हणून "अख्ख्या तालुक्याचा हापूस गेला" असं सुनावणीत बोललात की समोरचा हसतो. त्यापेक्षा ट्रक मोजा. वर्षाला २ लाख टन माल आणि २०० कोरडे दिवस धरले तर रोज १,००० टन. दहा टनांच्या ट्रकने १०० फेऱ्या, जाऊन-येऊन २००. दहा तासांत दर तीन मिनिटांना एक ट्रक, तुमच्या शाळेसमोरून. हा हिशेब तुमच्याकडच्या आराखड्यातला आकडा घालून पुन्हा करा, आणि डांबरी रस्ता कुठपर्यंत आहे तेही लिहा.

चिरेखाणींबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर माझं बोलणं ढोंगी होईल. कोकणातली घरं चिऱ्याची आहेत, माझंही आहे. चार माणसांनी हत्यारांनी फोडलेली लहान खाण आणि यंत्राने आठ-दहा मीटर सरळ खाली कापत नेलेली खाण यांत फार फरक आहे. उथळ खाण चिकणमातीपासून बरीच वर थांबली, तिच्यात पाणी साठलं आणि मुरलं, तर एखाद्या वाडीच्या विहिरीला थोडा फायदाही झालेला मी पाहिलेला आहे. पण बहुतेक ठिकाणी कापताना निघालेली लाल भुकटी तळाशी बसते, छिद्रं बुजतात, आणि तिथे नुसतं डबकं राहतं, ज्यात गुरं आणि कधी पोरं बुडतात. कुंपण घालण्याची अट परवान्यात असते. सड्यावर फिरून बघा किती ठिकाणी दिसतं. तुमच्या गावात बॉक्साइटच्या विरोधात जे बोलतायत त्यांतल्या कुणाच्या चिरेखाणी आहेत का, हा प्रश्न दुसरा तट विचारणारच. तेव्हा आधी आपल्याच चिरेखाणींची खोली मोजून टाका.

सिलिकाचं थोडक्यात. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तिथे माल धुण्याचं पांढरं पाणी व्हाळात जातं हे लोकांना दिसतं. दिसत नाही ती धूळ: सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. चिऱ्याच्या धुळीपेक्षा ही धूळ कितीतरी वाईट. २०१५ साली केंद्राने सिलिका वाळू आणि जांभ्यासह ३१ खनिजं गौण ठरवली, तेव्हापासून त्यांचा कारभार राज्याकडे आला. व्यवहारात बहुतेक सगळं तहसील आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयावर येऊन पडतं, आणि तिथे माणसं किती असतात ते तुम्हीच बघा.

वाळूवर स्वतंत्र लिहायला हवं, इथे एवढंच की हातपाटीने, डुबी मारून काढलेली वाळू आणि सक्शन पंपाने उपसलेली वाळू यांना एका तराजूत तोलू नये. पंपाने खाडीचा तळ खोल झाला की भरतीचं खारं पाणी आणखी वर चढतं, काठ ढासळतात, खारबंधाऱ्यांच्या पायाला धक्का लागतो आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. तुमच्या खालच्या वाडीला एका बाजूने सड्याचं गोडं पाणी कमी आणि दुसऱ्या बाजूने खाडीचं खारं पाणी जास्त, असा दुहेरी मार बसू शकतो. खाडीजवळच्या विहिरीचा खारटपणा म्हणूनच वेगळा मोजा.

खाण म्हणजे सगळं वाईटच, असं मी म्हणत नाही. सिंधुदुर्गातल्या रेडीत अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोहखनिज निघालं. त्यावर घरं उभी राहिली, पोरं शिकली. तिथला गणपतीसुद्धा १९७६ मध्ये खाणीच्या परिसरातच मातीतून सापडला, आणि आज त्याच्या दर्शनाला लांबून माणसं येतात. गावाचं खाणीशी नातं असं गुंतलेलं असतं. पण रेडीच्या माणसांनाच विचारा, खाण चालू असताना गावात येणारा पैसा आणि बंद पडल्यावर राहिलेले खड्डे यांचा ताळा कसा लागतो. गोव्यातही २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. प्रत्येक वेळी ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळवाले एका रात्रीत रस्त्यावर आले. तुमच्याकडे "रोजगार मिळेल" म्हणणाऱ्याला किती वर्षं, असं विचारणं हे विकासाला विरोध करणं नव्हे.

कायद्याची पार्श्वभूमी गावाला ठाऊक असावी. पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचं काम चालू असताना, ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या खाणींच्या पर्यावरण मंजुऱ्या रोखल्या, नंतर त्या रोखीला मुदतवाढी मिळत गेल्या. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने २०११ च्या अहवालात या दोन जिल्ह्यांचा वेगळा विचार केला होता. पुढे कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र आखडून घेतलं, पण त्या क्षेत्रात खाणी नकोत हे तिनेही ठेवलं. या क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या. जुलै २०२४ चा सहावा मसुदा महाराष्ट्रात १७,३४० चौरस किलोमीटर दाखवतो. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांबद्दल निर्देश दिले, तो पट्टा वाघ-हत्तींच्या येण्याजाण्याचा आहे. तुमचं गाव मसुद्याच्या यादीत आहे का, हे आज तपासा. नसेल तर निराश होऊ नका, कारण किनाऱ्याजवळचे बहुतेक सडे घाटाच्या हिशेबात धरलेलेच नाहीत. तुमची लढाई मग मंजुरीच्या अटींवर लढायची आहे.

आणखी एक, पेसा कायदा (अनुसूचित आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा) दक्षिण कोकणात लागू नाही. गडचिरोलीचं किंवा ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण देऊन कुणी "ग्रामसभेने ठराव केला की खाण बंद" असं सांगत असेल, तर ते आपल्याकडे तसंच लागत नाही. ग्रामसभेचा ठराव जरूर करा, त्याला वजन आहे. पण तो तारीख, सर्व्हे नंबर आणि झऱ्यांच्या यादीसह असेल तरच.

तुकड्यांचा खेळ ओळखा. मोठ्या खाणपट्ट्याला जनसुनावणी लागते, लहान पट्ट्याला सहसा लागत नाही. म्हणून एकाच सड्यावर पाच हेक्टरच्या आतले अनेक अर्ज वेगवेगळ्या नावांनी येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, आणि नंतरच्या नियमांत एकाच खनिजाचे ५०० मीटरच्या आत असलेले पट्टे समूह म्हणून धरायची तरतूद आली. तुमच्या सड्यावरचे सगळे पट्टे एका नकाशावर मांडून मधली अंतरं लिहा. हे काम कुणी तलाठी तुमच्यासाठी करणार नाही.

सुनावणी लागलीच, तर किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रात सूचना हवी, आणि अहवालाचा मराठी सारांश उपलब्ध हवा. अप्पर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा अधिकारी अध्यक्ष चालत नाही. चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो. तो वाचून होईपर्यंत उठू नका. चाकरमानी भाषण करून दुपारच्या गाडीने निघून जातात आणि इतिवृत्तात "काहींनी विरोध दर्शवला" एवढंच राहतं, हे फार वेळा होतं. मंजुरी निघाली तर हरित लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. खाण चालू झाल्यावर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो मागा, आणि त्यात तुमच्या व्हाळाच्या गढूळपणाचा आकडा आहे का बघा.

अटी मागायच्या तर माझ्या मते या तीन आधी. खाणीचा तळ ऑक्टोबरच्या पातळीवरून ठरवावा, मेच्या नव्हे. सड्याच्या कडेपासून, जिथे झरे फुटतात तिथून, रुंद पट्टा न खणता सोडावा. किती रुंद ते झऱ्यांच्या मापावरून ठरेल, सरसकट आकडा मी देणार नाही. आणि निरीक्षणासाठीच्या बोअर खाणीच्या हद्दीत नकोत, खालच्या वाडीच्या बाजूला हव्यात, त्यांची महिन्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या, निधीत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे, तोही मागा, पण तो निधी अटींच्या बदल्यात घेऊ नका. नळयोजना आली म्हणून झरा गेला तरी चालेल, असं कुणी गोड बोलून पटवील.

या सगळ्याला आधार लागतो तो मोजमापाचा, आणि ते खाण सुरू व्हायच्या आधी झालं तरच उपयोगाचं. नंतर मोजलेलं पाणी "पाऊस कमी झाला होता" या एका वाक्यात उडवतात. म्हणून हे आत्ता करा. वाडीतल्या सगळ्या विहिरींना रंगाने नंबर द्या, प्रत्येकीच्या काठावर एक खूण करा आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने दर पंधरा दिवसांनी मोजा, शक्यतो पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आधी. झऱ्याखाली ठरावीक मापाची बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. झरा कुठल्या महिन्यात बंद पडला, ती तारीख सगळ्यात मोलाची आहे. पावसाळ्यात व्हाळाचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तारखेसह फोटो काढा. जवळच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद शेजारच्या रकान्यात ठेवा, म्हणजे पावसाचं कारण सांगणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देता येईल. शाळेतल्या मोठ्या मुलांना हे काम द्या, ती आपल्यापेक्षा नेमानं करतात. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी मिळाल्या तर उत्तम, निदान एक पूर्ण वर्ष तरी हवंच. आणि वही एकट्या विरोधकांच्या घरात ठेवू नका. दर महिन्याच्या पानावर दोन्ही तटांतला एकेक माणूस आणि ग्रामसेवक अशा तिघांच्या सह्या घ्या. एकाच बाजूने लिहिलेली वही सुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत बाद होते.